तीन दिवस, तीन घरं आणि एकच ड्रायव्हर

पत्राचा सारांश : शनिवार-रविवारला जोडून सोमवारची सुट्टी आली आहे आणि एका वाचक ताईंच्या घरी गाडीने नातेवाइकांकडे जाऊन यायचा बेत शिजतो आहे. गाडीत पाच जण : पती-पत्नी, ७ वर्षांची मुलगी (तिला गाडी लागते), १४ महिन्यांचा मुलगा आणि ७२ वर्षांच्या सासूबाई. सासूबाईंना मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे, गुडघेही दुखतात. शुक्रवारी ऑफिस आटोपून रात्री १० ला निघायचं आणि पहाटे मोठ्या काकांकडे पोहोचायचं (३८० किलोमीटर). रविवारी सकाळी मावशींकडे (आणखी १४०), संध्याकाळी चुलत नणंदेकडे (११०), सोमवारी जेवून घरी परत (४३०). मावशींचं घर थेट गेल्यास ३९० किलोमीटरवर आहे. गाडी पतीच चालवतात. ताईंकडे लायसन्स आहे, पण हायवेचा सराव नाही. रात्री रस्ता मोकळा असतो आणि मुलं झोपतात, असं पतीचं म्हणणं. ताईंना धास्ती वाटते, पण एक जरी घर गाळलं तरी मंडळी दुखावतील ही भीतीही आहे. त्या विचारतात : हे सगळं तीन दिवसांत कसं बसवू?

नमस्कार ताई,

आधी बेरीज करू. चारही टप्पे मिळून १०६० किलोमीटर होतात. भरलेल्या गाडीला सुट्टीच्या गर्दीत ताशी ५५ ची सरासरी मिळाली तरी पुष्कळ. म्हणजे नुसतं चाक फिरण्याचे १९ तास. त्यात दर दोन तासांचे थांबे, बाळाचे कपडे बदलणं, जेवणं आणि अडकलेला रस्ता मिळवला की २५ तासांच्या खाली आकडा येत नाही. शुक्रवार रात्री १० ते सोमवार रात्री १० हे ७२ तास. त्यातले २५ गाडीत आणि ड्रायव्हरच्या तीन रात्रींच्या झोपेचे २४ काढले, तर उरतात २३. याच २३ तासांत तीन घरच्या अंघोळी, सामान काढणं, भरणं, मुलांना झोपवणं आणि गप्पा. तुमच्या बेतात तर पहिल्या रात्रीची झोपच धरलेली नाही.

जरा रेटून चालवलं तर? ३८० किलोमीटरला ५५ ची सरासरी धरली तर सहा तास पंचावन्न मिनिटं लागतात, ६० ची धरली तर सहा तास वीस मिनिटं. पदरात पडली पस्तीस मिनिटं, आणि ती मिळवायला सतत ओव्हरटेक करावे लागतात. मुलीची पहिली उलटी झाली की तीही गेली.

आता रात्रीचं. तुमचे पती म्हणतात त्यात तथ्य आहे : रात्री गर्दी कमी असते. पण रस्ता मोकळा असणं आणि ड्रायव्हर जागा असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. शुक्रवारी ते सकाळी ६ ला उठले असतील, तर रात्री ११ वाजता, म्हणजे गाडी नुकतीच हायवेला लागते तेव्हा, त्यांना जागं होऊन १७ तास झालेले असतील. सलग १७ ते १९ तास जागं राहिलेल्या माणसाची प्रतिक्रिया रक्तात सुमारे ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी मंदावते. २४ तासांच्या सुमारास ती ०.१० टक्क्यांच्या बरोबरीला येते. पहाटे ५ ला काकांच्या दारात पोहोचताना २३ तास झालेले असतील. त्यातून मध्यरात्रीनंतर पहाटे सहापर्यंत शरीराचं घड्याळ झोपेकडेच ओढतं, कितीही सवय असली तरी. मुलं झोपली, सासूबाई झोपल्या, दिवसभर दमलेल्या तुम्हीही झोपलात, की बोलायलाही कुणी नाही. ताशी ८० च्या वेगात गाडी एका सेकंदाला २२ मीटर जाते. चार सेकंदांची डुलकी लागली तर जवळजवळ ९० मीटर गाडी कुणीच चालवत नसतं.

खिडकी उघडणं, गाणी मोठ्यांदा लावणं, तोंडावर पाणी मारणं याने हुशारी आल्यासारखी वाटते, पण ती काही मिनिटंच टिकते. त्यातल्या त्यात खरा उपयोग होतो तो असा : सुरक्षित जागी गाडी लावा, एक कप कॉफी प्या आणि लगेच १५-२० मिनिटांचा गजर लावून झोपा. कॅफीनचा परिणाम जाणवायला साधारण तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे जाग येते तेव्हा दोन्हींचा फायदा मिळतो. याहून जास्त झोपलं तर उठल्यावर डोकं जड राहतं आणि लगेच स्टिअरिंग हाती घेणं धोक्याचं. हा उपाय तास-दीड तास निभावून नेण्यापुरता आहे. त्याच्या जोरावर अख्खी रात्र काढू नये.

तेव्हा शुक्रवारी रात्री निघू नका. संध्याकाळी डिकी भरून ठेवा, पतींना साडेनऊला झोपू द्या आणि शनिवारी पहाटे ५ ला निघा. मुलांना रात्रीच प्रवासाच्या कपड्यांत झोपवलं तर तशीच उचलून गाडीत ठेवता येतात, आणि ती पुढचे दोन तास झोपतातच. पतींच्या मुद्द्यातला चांगला भाग असा हातचा जात नाही.

पण कधी निघायचं यापेक्षा कुठे जायचं हा प्रश्न मोठा आहे. तुमच्या पत्रात कोण दुखावेल याची यादी आहे. सासूबाईंना काय हवंय, हे मात्र एका ओळीतही नाही. मावशी म्हणजे त्यांची बहीण. ७२ व्या वर्षी दुखरे गुडघे घेऊन त्या तीन घरांचे उंबरे चढणार, की बहिणीजवळ दोन रात्री निवांत बसणार, हे त्यांना विचारलंय का? आणि तेही सगळ्यांसमोर नको. चारचौघांत त्या ‘तुम्ही ठरवाल तसं’ म्हणतील. एकट्या असताना विचारा, आणि दोन पर्याय पुढे ठेवून विचारा.

दुसरं गृहीतक असं की मान राखायचा म्हणजे प्रत्येकाच्या घरी जाऊन यायचं. घाईघाईत आलेल्या पाहुण्यांचा त्रास यजमानांनाही होतो. सकाळी ११ ला येऊन ४ ला निघणाऱ्यांसाठी मावशी आदल्या दिवसापासून राबणार, आणि तुम्ही जेवताना घड्याळ बघणार.

आम्हाला दिसणारा बरा मार्ग असा. मुक्काम एकाच ठिकाणी करा, मावशींकडे. येऊन-जाऊन ७८० किलोमीटर होतात, म्हणजे २८० वाचले. त्याहून महत्त्वाचं म्हणजे रविवारचा अख्खा दिवस गाडी जागची हलत नाही आणि ड्रायव्हरला दोन प्रवासांमध्ये पूर्ण विश्रांती मिळते. नणंद ११० किलोमीटरवर आहे, काका १४० वर. त्यांनाच रविवारी मावशींकडे बोलवा. अर्थात आधी मावशींना विचारून, आणि त्या दिवसाचं अर्धं काम आणि खर्च तुम्ही उचलाल हे स्पष्ट सांगून. काकांना प्रवास झेपत नसेल तर पुढची फेरी फक्त त्यांच्यासाठी ठेवा. सासूबाईंनी काकांचं घर निवडलं, तरी आखणी हीच : एक घर, दोन रात्री, बाकीच्यांना तिथे निमंत्रण.

फोन पतींनी करावा, तुम्ही नाही. काका त्यांचे आहेत. सुनेच्या तोंडून नकार आला की तो सुनेचा निर्णय ठरतो. आणि आठ-दहा दिवस आधी करावा. ‘बघू, जमलं तर येऊन जातो’ हे वाक्य घरात कुणीही उच्चारू नये. त्या अर्ध्या होकारावर तिकडे तयारी होते, माणसं वाट बघतात, आणि खरा राग तिथून सुरू होतो. त्यापेक्षा सरळ बोलणं बरं : ‘काका, या वेळी लहान बाळ आणि आई दोघं बरोबर आहेत, त्यामुळे एकाच ठिकाणी मुक्काम करतोय. रविवारी तुम्ही सगळे मावशीकडे याल का? नाही जमलं तर पुढच्या जोडून सुट्टीला पहिले तुमच्याकडे दोन दिवस राहायला येतो.’ मग ती तारीख कॅलेंडरवर खरोखर लिहा. थोडी नाराजी तरीही राहील. ती राहू द्या.

मावशींना पोहोचायची वेळ सांगताना ‘जेवायला येतो’ म्हणू नका, ‘संध्याकाळपर्यंत येतो’ म्हणा. पानं वाढून माणसं थांबली आहेत असा फोन आला की ड्रायव्हरचा पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर दाबला जातो. पाचला निघून सात तासांचं ड्रायव्हिंग, सातच्या सुमारास २० मिनिटं, साडेनऊला खाण्यासाठी ४५, पावणेबाराला पुन्हा २० : सगळं सुरळीत झालं तर दीडच्या आसपास पोहोचाल. दुपारी दोन ते चार या वेळेतही पेंग येते. रस्ता अडकला आणि ती वेळ गाडीतच गाठावी लागली, तर एक मोठा थांबा तेव्हाच घ्या.

तुम्ही स्वतः गाडी चालवण्याचा विचार जरूर करा, पण हायवेचा पहिला धडा पाच माणसं आणि भरलेली डिकी घेऊन गिरवू नका. त्याआधीच्या दोन सुट्ट्यांना पहाटे रिकाम्या रस्त्यावर तास-तासभर चालवून बघा. भरलेल्या गाडीला थांबायला जास्त अंतर लागतं, ओव्हरटेकला जास्त वेळ लागतो, याची कल्पना हवी. जमलं तर शनिवारच्या पहिल्या थांब्यानंतरचा एक तास तुमचा. गाडीच्या विम्यात चालकाबाबत काही अट आहे का तेही बघून ठेवा. सराव जमला नाही तर पगारी ड्रायव्हर घ्या; मग मात्र सहावा माणूस गाडीत मावत नाही, तेव्हा पतींना रेल्वेने किंवा बसने यावं लागेल. रेल्वेची सोय असेल तर सगळ्यांनीच तिने जाण्याचा पर्यायही घरात मोकळेपणाने बोला. सासूबाईंच्या गुडघ्यांना आणि मुलीच्या पोटाला तो कदाचित सगळ्यात सुखाचा पडेल.

गाडीनेच जायचं ठरलं, तर बसण्याची जागा आधीच्या रविवारी प्रत्यक्ष बसून ठरवा. अंदाज इथेच चुकतो : बाळाची सीट, मुलीचा बूस्टर (पट्टा नीट बसावा म्हणून तिला उंच बसवणारी जोडबैठक) आणि मध्ये एक मोठा माणूस, हे लहान गाडीच्या मागच्या बाकावर कधी मावतं, कधी बकलच लागत नाही. सासूबाईंना पुढे बसवा. सीट मागे सरकवून पाय लांब करता येतात, आणि एअरबॅगपासून छाती किमान २५ सेंटिमीटर दूर राहते. तुम्ही मागे मधोमध. १४ महिन्यांच्या बाळाची सीट गाडीच्या मागच्या दिशेला तोंड करून असलेलीच बरी. सीटवर लिहिलेली वजनाची आणि उंचीची मर्यादा संपेपर्यंत ती उलटवायची घाई करू नका. तशी सीट चालू एअरबॅगसमोर, म्हणजे पुढच्या सीटवर, कधीही लावायची नाही. पट्टा खांद्याजवळ चिमटीत पकडून बघा : पट्ट्याची घडी चिमटीत येत असेल तर तो सैल आहे. आत जाड जॅकेट घालू नका. पट्टा घट्ट वाटतो पण धडकेत जॅकेट दबतं आणि बाळ निसटू शकतं. थंडी असेल तर पट्टा लावून वरून पांघरूण घाला. बाळ कितीही रडलं तरी चालत्या गाडीत मांडीवर घ्यायचं नाही. जोराचा ब्रेक लागला की दोन हातांनी ते धरून ठेवणं कुणालाही शक्य नसतं. गाडी थांबवा, घ्या, शांत करा, परत बसवा. तसंही दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाळाला सीटमध्ये सलग ठेवू नये. ते झोपलेलं असलं तरी थांब्यावर उचलून आडवं करा.

मुलीला गाडी लागते कारण कान हालचाल सांगतात आणि डोळ्यांना समोर स्थिर पुस्तक किंवा मोबाइल दिसतो. २ ते १२ या वयात हा त्रास सगळ्यात जास्त. म्हणून चालत्या गाडीत पडद्यावरचं काहीही नको, गोष्टी ऐकायला लावा. बूस्टरमुळे तिला खिडकीतून लांबचं दिसतं, त्याचाही फायदा होतो. निघताना पोट रिकामं नको आणि गच्चही नको. काहीतरी कोरडं, तेल नसलेलं थोडंसं. उलटीचं औषध डॉक्टरांकडून वजनानुसार मात्रा विचारून घ्या आणि निघण्याच्या अर्धा ते एक तास आधी द्या. उलटी झाल्यावर दिलं तर तेच बाहेर पडतं. यातल्या बऱ्याच औषधांनी झोप येते, तेव्हा ड्रायव्हरने ती चुकूनही घ्यायची नाहीत. एकात एक घातलेल्या दोन पिशव्या, ओले रुमाल आणि एक कपड्यांचा जोड तुमच्या पायाशी हवा, डिकीत नको. उलटीनंतर १५-२० मिनिटं फक्त घोट घोट पाणी. आणि वळणांवर ब्रेक-ॲक्सिलरेटरचे हिसके कमी झाले की निम्मा त्रास तिथेच कमी होतो, हे पतींना प्रेमाने सांगा.

सासूबाईंच्या बाबतीत एक गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही. मोठी माणसं प्रवासात पाणी पिणं बंद करतात, कारण बाथरूमसाठी गाडी थांबवायला सांगायचा संकोच वाटतो. मग चक्कर येते, पायांत गोळे येतात. त्यातून चार तासांपेक्षा जास्त एका जागी बसून राहिलं तर पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोकाही वाढतो. थांब्यांच्या वेळा आधीच सांगून ठेवा, म्हणजे त्यांना मागावं लागणार नाही. प्रत्येक थांब्यावर पाच मिनिटं चालायचं. गाडीत अधूनमधून टाचा टेकवून पंजे वर-खाली करायचे. लघवी जास्त होण्याची गोळी चालू असेल तर त्या दिवशी ती कधी घ्यायची हे डॉक्टरांना विचारा, स्वतःहून टाळू नका. इन्सुलिन थर्मल पाऊचमध्ये, माणसांबरोबर. डॅशबोर्डवर, ग्लोव्ह बॉक्समध्ये किंवा डिकीत नाही, कारण उन्हात लावलेली गाडी दहा मिनिटांतही दहा-अकरा अंशांनी तापते. बर्फाच्या पॅकला थेट चिकटूनही नको, गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं. इन्सुलिन घेतलं आणि गाडी गर्दीत अडकली, जेवण लांबलं, तर साखर उतरते. घाम, थरथर, चिडचिड, असंबद्ध बोलणं दिसलं की १५ ग्रॅम ग्लुकोज द्यायचं, १५ मिनिटांनी साखर पुन्हा तपासायची. मीटर आणि ग्लुकोज हाताशी असू द्या.

गाडीची तपासणी आदल्या दिवशी करू नका, आठवडाभर आधी करा, म्हणजे काही निघालं तर दुरुस्तीला वेळ मिळतो. टायरमधली हवा गाडी तीनेक तास उभी असताना, टायर थंड असताना मोजायची. किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर किंवा इंधनाच्या झाकणाआत लिहिलेलं असतं, आणि तिथे बहुतेक दोन आकडे असतात : कमी माणसांसाठी एक, भरलेल्या गाडीसाठी दुसरा. तुम्हाला दुसरा हवा. हवा कमी असली की टायरच्या बाजू सतत दुमडतात, तापतात आणि फुटतात. टायर किती जुना आहे हे कळायला त्यावरच्या ‘DOT’ या अक्षरांजवळचे शेवटचे चार आकडे बघा. ३५२१ असेल तर तो २०२१ च्या ३५ व्या आठवड्यात बनलेला. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरवर आली की टायर संपला, पण पावसात जायचं असेल तर ३ मिलिमीटरलाच बदललेला बरा. स्टेपनीत हवा आहे का, जॅक आणि पाना जागेवर आहेत का, आणि पान्याने नट खरंच सैल होतात का, हे एकदा करून बघा. कमी रुंदीची तात्पुरती स्टेपनी असेल तर तिच्यावर साधारणपणे ताशी ८० च्या वर जायचं नसतं.

जड सामान डिकीत खाली, मागच्या सीटला टेकवून. सीटच्या पाठीपेक्षा उंच रचू नका, ब्रेक लागला की ते पुढे येतं. टपावर कॅरिअर असेल तर वजनाची मर्यादा मॅन्युअलमध्ये बघा. लहान गाड्यांना ती बहुधा ५० ते ७५ किलोच असते, आणि कॅरिअरचं वजनही त्यातच आलं. मागे भार पडला की गाडीचं नाक वर उठतं आणि दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो, म्हणून दिव्यांची पातळी खाली घ्यायची चकती असेल तर ती फिरवा. लांब उतारावर गिअर खालचा ठेवा. सतत ब्रेक दाबून ठेवला तर तो तापून धरेनासा होतो.

आता सोमवार. दुपारचं जेवण करून निघालात तर परतणाऱ्यांच्या ऐन गर्दीत सापडाल आणि रात्री उशिरा घरी पोहोचाल, तेही भरल्या पोटाने. सकाळी सातला निघा. ‘जेवूनच जा’ हा आग्रह होणारच, म्हणून शनिवारी पोहोचल्या पोहोचल्या सांगून टाका की निरोपाचं जेवण रविवारी रात्री. रविवारी झोपण्याआधी मोठ्या बॅगा डिकीत टाका. भरलेली डिकी दिसली की आग्रह आपोआप कमी होतो. मंगळवारी सकाळची अर्धी रजा पतींनी आधीच टाकून ठेवावी, आणि अर्ध्या वाटेवरच्या एखाद्या राहण्याच्या जागेचा फोन नंबर तुमच्याकडे लिहिलेला असू द्या. सोमवारी संध्याकाळी सहापर्यंत १०० किलोमीटरपेक्षा जास्त अंतर उरलं असेल, किंवा पतींचे डोळे जड झाले असतील, तर तिथे फोन करून खोली घ्या.